जुन्या जीपगाडीचे मागील शॉकअप घरच्या घरीं बदलणें

बैलगाडीस स्प्रिंग नसते. त्यामुळें रस्त्यांतील प्रत्येक खड्डा गाडीवानाच्या पाठीस तत्काळ कळतो. मोटारीचें तसें नाहीं. हांकणारा पुढील गादीवर बसतो, माल व माणसें मागें असतात, आणि मागें काय चाललें आहे याची वार्ता पुढें बहुधा पोंचतच नाहीं. आमच्या घरीं १९८८ सालची एक जीपगाडी आहे. द्राक्षांचा माल बागेंतून शेडपर्यंत नेणें, खताच्या गोण्या व फवारणीचीं पिंपें आणणें, कामकरी बायांची ने-आण करणें, हीं सर्व कामें तिच्यावर चालतात. ही गाडी मीं स्वतः वीस वर्षें हांकली असल्यामुळें तिची खोड न खोड मला ठाऊक आहे असा माझा समज होता. दोन वर्षांपूर्वीं तो खोटा ठरला. तो कसा ठरला हें आधीं सांगितल्यावांचून पुढील माहिती देणें बरें नव्हे. कारण त्या प्रकरणांत दोष गाडीचा थोडा आणि माझा अधिक होता.

त्या वर्षीं मार्च महिन्यांत आमच्या थॉमसन सीडलेस द्राक्षांत मणीगळ फार निघूं लागली. बागेपासून शेड सात किलोमीटर. पैकीं चार किलोमीटर कालव्याच्या कडेचा कच्चा रस्ता. शेडवर क्रेट (आपण त्यास कॅरेटच म्हणतों) उघडला कीं तळाशीं मूठ-दोन मुठी सुटे मणी पडलेले दिसत, व व्यापारी तेवढ्यावरून साऱ्या मालाचा भाव पाडून मागे. घड भरणाऱ्या बायांचा हात जड झाला आहे असें मीं मनाशीं ठरविलें, आणि चौघींची त्या दिवसाची अर्धी मजुरी कापली. त्यांतील वयानें वडील असलेल्या मावशींनीं भांडण केलें नाहीं. त्या एवढेंच म्हणाल्या, “भाऊ, आमच्या हातून मणी गळत नाहीं. तुम्ही एकदां मागं बसून या, मग काय कापायचं तें कापा.”

दुसऱ्या दिवशीं पुतण्यास गाडी हांकावयास देऊन मी मागें कॅरेटांशेजारीं बसलों. पहिल्याच चरींत मागील बाजू उचलली गेली ती एकदां खालीं येऊन थांबेना. खालीं-वर, खालीं-वर अशी चार वेळां झुलली, आणि प्रत्येक झोल्यास सर्वांत वरचा कॅरेट खालच्यापासून बोटभर सुटून पुन्हां आपटे. रस्ता फारसा वाईट नव्हता. पुढें बसून मी त्याच रस्त्यानें रोज जात होतों व मला कांहींच वाटलें नव्हतें. शेडवर पोंचल्यावर पुढील गादीलगतचा एक व अगदीं मागच्या फळक्याजवळचा एक असे दोन कॅरेट मीं स्वतः उघडले. पुढच्यांत सुटे मणी मोजून सात निघाले; मागच्याचे मोजणें मीं सोडून दिलें. दोन्ही कॅरेट त्याच मावशींनीं भरलेले होते. कापलेली मजुरी त्याच सायंकाळीं परत केली, आणि रविवारीं गाडीखालीं शिरलों. मागील दोन्ही शॉकअप मेलेले होते. एकाचें तेल केव्हांच वाहून जाऊन त्यावर मातीचा थर बसला होता.

ज्या भागाविषयीं हा लेख आहे त्यास कारखान्याच्या पुस्तकांत शॉक अ‍ॅब्सॉर्बर म्हणतात. ‘धक्काशोषक’ असा त्याचा अनुवाद कोणी कोणी करितात. परंतु गॅरेजांतील ‘शॉकअप’ हाच शब्द आपल्या सर्वांच्या तोंडीं असल्यामुळें तोच येथें ठेवितों. शिवाय, खरें पाहतां, धक्का झेलण्याचें काम हा भाग करीतच नाहीं. धक्का झेलतात ते पाटे. चाक दगडावर चढलें कीं पाटे वाकतात व तें बळ आपल्यांत सांठवून ठेवितात. चाक उतरलें कीं तें परत देतात, आणि देतांना गाडीस गरजेहून अधिक वर फेंकतात. मग गाडी खालीं येते, पाटे पुन्हां वाकतात, असा झोला चालूं राहतो. झाडास बांधलेल्या झोपाळ्यास एकदां ढकललें कीं तो बराच वेळ हालत राहतो, तसेंच हें. तोच झोपाळा कमरेइतक्या पाण्यांत टांगला असता तर एक-दोन हेलकाव्यांत थांबला असता. शॉकअप म्हणजे तें पाणी.

त्याची रचनाहि याच तत्त्वावर आहे. एक बंद नळकांडें, त्यांत पातळ तेल, तेलांत दांड्याच्या टोंकास बसविलेला दट्ट्या, आणि दट्ट्यास बारीक छिद्रें व झडपा. दट्ट्या वर-खालीं होऊं लागला कीं तेलास त्या अरुंद वाटेनें जावें लागतें. तेथें होणाऱ्या विरोधांत झोल्याचें बळ खर्ची पडून त्याची उष्णता होते. झडपा बहुधा अशा बेतलेल्या असतात कीं शॉकअप लांबतांना विरोध अधिक व दबतांना कमी असावा. म्हणजे चाकास वर चढण्यास मोकळीक राहते, पण पाट्यांची उसळी आंवरली जाते.

यावरून एक गैरसमज दूर व्हावा. गाडी मागें बसली, म्हणजे तिची मागील बाजू खालीं झुकली, तर पुष्कळ लोक शॉकअप बदलून पाहतात. त्यानें कांहीं होत नाहीं. साधा शॉकअप गाडीचा भार उचलीत नाहीं. भार पाट्यांवर असतो, व गाडी बसली असेल तर पाटे निवले आहेत किंवा एखादा तुटला आहे असें समजावें. उलट, शॉकअप मेला तरी उभी गाडी पहिल्याइतकीच उंच दिसते, सुरू होते, चालते. त्याचें मरण महिन्यां-महिन्यांनीं थोडें थोडें येतें आणि हांकणाऱ्याची संवय त्याबरोबर बदलत जाते. जीपगाडींत तर आणखी एक फसगत आहे. तिच्या पाट्यांची थप्पी जाड असते व एक पाटा दुसऱ्यावर घासल्यामुळें थोडासा झोला आपोआप मरतो. शॉकअप निघण्यापूर्वींच्या काळांतील घोडागाड्यांचें काम बव्हंशीं याच घर्षणावर भागत असे. म्हणून शॉकअप नसलेली जीप हळू चालविली तर ‘ठीक आहे’ असेंच वाटतें.

पण ती ठीक नसते. झोला घेणाऱ्या गाडीचें चाक क्षणोक्षणीं जमिनीवरून हलकें होतें, आणि हलक्या झालेल्या चाकावर ब्रेक लागत नाहीं. कच्च्या रस्त्यास पन्हाळी पत्र्यासारख्या लाटा पडलेल्या असतात, तेथें वळणावर भरलेल्या गाडीची शेपटी आडवी सरकते ती याच कारणानें. द्राक्षें, टोमॅटो, अंडीं यांचें नुकसान हिशेबांत तरी दिसतें. मागील बांकावर बसणाऱ्यांची कंबर कोणाच्याच हिशेबांत येत नाहीं.

आतां परीक्षा. गाडीचा कोंपरा दाबून सोडावा आणि ती एकापेक्षां अधिक वेळां झुलली तर शॉकअप गेला असें समजावें, ही युक्ति बहुतेकांस ठाऊक आहे. लहान मोटारीस ती लागू पडते. जीपचे पाटे इतके ताठ असतात कीं दोन माणसांच्या जोरानेंहि ती पुरेशी दबत नाहीं. तेव्हां या परीक्षेंत उत्तीर्ण झालेली जीप निर्दोष समजूं नये. मला सर्वांत खात्रीची वाटते ती हाताची परीक्षा. गाडी पांच-सहा किलोमीटर कच्च्या रस्त्यानें चालवून आणावी व लगेच खालीं वांकून दोन्ही मागील शॉकअपांच्या नळकांड्यांस जपून हात लावावा. जो काम करीत आहे तो तापलेला असतो. जो थंड आहे त्यानें कांहींच काम केलेलें नाहीं. धुराच्या नळीपासून तेवढा हात दूर ठेवावा.

नळकांड्यावर नुसता ओलसर तवंग व त्यावर धूळ एवढेंच असेल तर घाबरण्याचें कारण नाहीं. परंतु तेल ओघळून खालच्या टोंकापर्यंत आलें असेल, तर आंतील सील गेलें. तेल शॉकअपचेंच आहे ना, हेंहि पाहावें. आंसाच्या टोंकाचें सील फुटून गिअरतेल चाकाच्या आंतील अंगास येतें किंवा ब्रेकचें तेल गळतें, व दोष भलत्याच्या माथीं बसतो. ब्रेकचें गळत असेल तर शॉकअप बाजूस ठेवून तें आधीं दुरुस्त करावें. दांडा वांकलेला, नळकांड्यास पोंचा आलेला, डोळ्यांतील रबराचा भुगा झालेला, किंवा टायर ठिकठिकाणीं वाटीसारखा झिजलेला, हीं इतर लक्षणें होत.

एक शॉकअप चांगला व एक गेलेला असला तरी एका आंसावरचे दोन्ही एकदमच बदलावे. एका बाजूस नवा व एका बाजूस जुना असला म्हणजे गाडीच्या दोन बाजू निरनिराळ्या चालीनें चालतात; बैलजोडींत एक खोंड व एक म्हातारा बैल जुंपल्यासारखें तें होतें. जुना शॉकअप कापून, त्यांत घट्ट तेल भरून व पुन्हां जोडून देणारे कारागीर कांहीं ठिकाणीं आहेत. पहिल्या आठवड्यांत तो शॉकअप ताठ लागतो म्हणून गिऱ्हाईक खूष होतें. परंतु झिजलेली झडप व ओरखडलेला दांडा तेलानें नवा होत नाहीं, आणि घट्ट तेलामुळें चाक वर चढण्यासच अडथळा होतो. मीं हा प्रयोग पूर्वीं एकदां केला आहे. पुन्हां करणार नाहीं.

नवा माल घेतांना केवळ गाडीचें नांव सांगून भागत नाहीं, आणि याचें कारण आपण शेतकरीच आहों. ओझें अधिक न्यावें म्हणून आपण पाट्यांत एखादा पाटा वाढवून घेतों. त्यामुळें गाडी उंच होते व शॉकअपच्या दोन टोंकांमधील अंतर वाढतें. मूळ मापाचा शॉकअप अशा गाडीस घातला तर रिकाम्या गाडीचें चाक खड्ड्यांत लोंबतांच तो पूर्ण ताणला जातो, आणि दांडा उपटून निघतो किंवा वरचा कंसच फाटतो. माझ्या गाडीच्या डाव्या शॉकअपचें तेल याच कारणानें गेलें असावें असें मला वाटतें, कारण सहा वर्षांपूर्वीं मींच एक पाटा वाढविला होता. म्हणून रिकामी गाडी सपाटीवर उभी करून वरच्या व खालच्या खुंटीच्या मध्यापासून मध्यापर्यंतचें अंतर मोजावें. तसेंच आंस व चौकटीच्या खालचा रबरी ठोकळा यांमधील अंतरहि मोजावें. पहिल्यांतून दुसरें वजा केलें म्हणजे आंस ठोकळ्यास टेकतांना शॉकअपला किती जागा उरते तें अदमासानें कळतें. नवा शॉकअप पूर्ण दाबला असतां त्याहून आंखूड झाला पाहिजे. नाहींतर ठोकळ्याऐवजीं तोच मार खाईल. आणि पूर्ण ताणला असतां पहिल्या मापाहून पुरेसा लांब झाला पाहिजे. दोन्ही मापें कागदावर लिहून दुकानांत न्यावींत, व रबरी बुश आणि वॉशर बरोबरच मागून घ्यावेत. जुनें रबर नव्या शॉकअपला लावणें म्हणजे नव्या चाकास जुनी धांव चढविणें होय.

आतां कामास हात घालण्यापूर्वीं एक गोष्ट अशी सांगावयाची आहे कीं ती न वाचतां कोणी गाडीखालीं जाऊं नये. जुन्या धर्तीच्या पुष्कळ जीपगाड्यांत हातब्रेक चाकांवर लागत नाहीं. तो मधल्या गिअरपेटीच्या मागें, जो लांब दांडा मागील आंसास फिरवितो त्याच्या तोंडाशीं असलेल्या एका ड्रमवर लागतो. मागील दोन्ही चाकें जमिनीवर आहेत तोंवर तो गाडी धरून ठेवितो. परंतु मागील एक चाक जॅकनें उचललें कीं तें मोकळें होतें, आणि आंसाच्या मध्यभागीं असलेल्या डिफरन्शियलच्या गुणामुळें एक चाक एकीकडे फिरूं लागलें तर दुसरें उलट दिशेस फिरूं शकतें. म्हणजे हातब्रेक पूर्ण ओढलेला, गाडी गिअरमध्यें, आणि तरीहि ती घरंगळून जॅकवरून खालीं येते. ज्यानें हें पाहिलेलें नाहीं त्यास तें खरें वाटत नाहीं. चारहि चाकांस जोर देणारा गिअर लावला तरी त्यावर विसंबूं नये. पुढील दोन्ही चाकांस मागून-पुढून मोठे दगड किंवा लाकडी पाचरी ठोकणें हाच उपाय.

त्याहून चांगला उपाय असा कीं गाडी उचलूंच नये. जीप उंच असते. शॉकअप चाकाच्या आंतल्या अंगास असतात. चारहि चाकें जमिनीवर ठेवून, गोणपाटावर उताणें निजून, हात दोन्ही टोंकांपर्यंत सुखानें पोंचतो. मीं सर्व काम असेंच केलें. गॅरेजांत गाडी उचलतात ती त्यांच्या सोयीसाठीं. पाट्यांच्या गाडींत आंस पाट्यांनींच धरलेला असतो, त्यामुळें शॉकअप सोडला तरी कांहीं खालीं पडत नाहीं. ज्या मोटारींत मागें पाट्यांऐवजीं गुंडाळलेल्या स्प्रिंगा असतात तेथें मात्र गोष्ट निराळी आहे. अशा पुष्कळ गाड्यांत आंस फार खालीं न जाऊं देण्याचें काम शॉकअपच करितो. उचललेल्या गाडीचा तो सोडतांच आंस लोंबतो, स्प्रिंग निसटते व ब्रेकची नळी ताणली जाते. तेथें आंसाखालीं आधार दिल्याशिवाय बोल्टास पाना लावूं नये. आणि ज्यांत स्प्रिंग शॉकअपभोंवतींच बसविलेली असते, तें काम घरीं करूंच नये. दाबून ठेवलेली स्प्रिंग सुटली तर माणूस जायबंदी होतो.

कांहीं कारणानें चाक काढावेंच लागलें तर काळ्या जमिनीवर किंवा सैल मुरुमावर जॅक लावूं नये. त्याखालीं जाड फळी घालावी. गाडी उचलल्यावर आधार आंसास, पाट्याच्या जवळ द्यावा, म्हणजे पाटे भारलेले राहतात. आधारास लोखंडी घोडे नसतील तर बाभळीचे किंवा तसल्याच कठीण लाकडाचे ठोकळे आडवे-उभे रचून घ्यावेत. विटा व सिमेंटचे पोकळ ठोकळे वर्ज्य. ते चेपत नाहींत, एकदम फुटतात, व सूचना देत नाहींत. एकटा जॅक हा आधार नव्हेच.

सामान थोडें लागतें. बसतील असे पाने, पक्कड, दीड-दोन शेरांचा हातोडा, छिन्नी, तारेचा ब्रश, लोखंडाची करवत, सी-क्लॅम्प व दुरीचा एक तुकडा. डोळ्यांस चष्मा अवश्य; निजून काम करतांना सर्व गंज डोळ्यांतच पडतो. खुंट्या ब्रशानें घांसून तीन दिवस आधींपासून सकाळ-सायंकाळ गंजावरचें पातळ तेल लावीत जावें. आपल्या द्राक्षवाल्यांच्या गाड्यांस हें विशेष लागू आहे. मोरचुदाचें पाणी सांडून सांडून आमच्या गाडीच्या खुंट्या इतर कोणत्याहि भागापेक्षां अधिक खाल्ल्या गेल्या होत्या.

शॉकअपचें वरचें टोंक चौकटीच्या कंसावरील खुंटीत व खालचें टोंक, यू-बोल्टांनीं आंसाशीं आवळलेल्या पट्टीवरील खुंटीत अडकविलेलें असतें. प्रत्येक टोंकास डोळा, डोळ्यांत रबरी बुश, त्यावर वॉशर. आणि तो निसटूं नये म्हणून खुंटीच्या छिद्रांत स्प्लिट पिन, किंवा नंतरच्या कांहीं गाड्यांत नट. पिनेचे पाय सरळ करून ती ओढावी. तुटली तर छिन्नीनें कापावी. नट जागचा हालेना तर पान्यास लांब पाइप लावून झटके देण्यापेक्षां, थोडा घट्ट करून मग सैल करावा. गंजाचा सांधा एकदां मोडला कीं पुढें तो येतो. आधीं खालचें टोंक सोडावें, मग वरचें.

येथपर्यंत पंधरा मिनिटें लागतात, आणि एखादें टोंक खुंटीवरून निघण्यास कधीं दोन तास. रबर खुंटीशीं एकजीव झालेलें असतें. डोळ्याच्या मागें छिन्नी घालून, एकदां वरून व एकदां खालून असा आळीपाळीनें हलका मार द्यावा. एवढ्यानेंहि निघेना तर रबरांत चाकू घालून तें कापून काढावें, किंवा शॉकअपचा डोळाच करवतीनें कापावा. तो भाग फेंकावयाचाच आहे. परंतु दिवा किंवा गॅसची ज्योत लावूं नये. गरम झालेल्या बंद नळकांड्यांत तेल असतें, कांहींत दाबलेला वायु असतो, आणि इंधनाची टांकी दूर नसते. हातोडा चालवितांना आंसावरून जाणारी ब्रेकची बारीक नळी कोठें आहे हें आधीं बोटानें चांचपून ठेवावें. तिला एक पोंचा आला तर स्वस्तांतलें काम महाग पडेल.

खुंट्या मोकळ्या झाल्यावर त्या चिंधीनें लख्ख पुसाव्या व नखानें पाहाव्या. खुंटीवर खांच पडली असेल तर ती नव्या रबरास एका हंगामांत खाऊन टाकील. अशी खुंटी गांवच्या वेल्डरकडून भरून घेण्यापेक्षां कंस किंवा पट्टी बदलणें बरें. यू-बोल्टांचे नट, पाट्यांची मधली कील व पाट्यांच्या टोंकांचे झुलते बुश हेहि याच वेळीं पाहावे, कारण पुन्हां गोणपाटावर निजण्याची हौस कोणास असते?

काढलेला शॉकअप उभा धरून हातानें चार-पांच वेळां पूर्ण ताणून दाबावा. विरोध सर्व अंतरांत सारखा लागला तर तो जिवंत आहे. मध्येंच पोकळ जागा लागली, किंवा मुळींच विरोध नसला, किंवा दांडा अडकला, तर गेला. माझा उजवा अर्ध्या वाटेवर पोकळ होता. डावा सायकलच्या फुटक्या पंपासारखा चाले. नव्या शॉकअपचेंहि असेंच करावें, पण निराळ्या हेतूनें. दुकानांत तो महिनोगणती आडवा पडलेला असतो, त्यामुळें दुहेरी नळकांड्याच्या शॉकअपांत आंतल्या नळींत हवा शिरते. ज्या बाजूनें बसवावयाचा, म्हणजे दांडा वर व तेलाचें नळकांडें खालीं, त्या बाजूनें उभा धरून सहा-सात वेळां सावकाश ताणावा-दाबावा. पोकळी नाहींशी झाली कीं तसाच उभा नेऊन बसवावा. वायु भरलेला शॉकअप बंद्यानें बांधून येतो. तो बंद कापला कीं शॉकअप आपोआप लांबतो, म्हणून एक टोंक बसवून दुसरें खुंटीसमोर आणल्यावरच बंद कापावा. दांड्यास पक्कड कदापि लावूं नये. केसाएवढा ओरखडा नवें सील कापीत राहतो.

रबरी बुश चढेना म्हणून त्यास ग्रीस किंवा तेल लावण्याचा मोह होतो. साधें रबर खनिज तेलानें फुगतें व मऊ पडतें. साबणाचें पाणी लावावें. तें सरकवितें आणि वाळून जातें. वॉशर चढविल्यावर असें आढळतें कीं नवें रबर जाड असल्यामुळें वॉशर खुंटीचें छिद्र झांकून बसतो व पिन जाण्यास वाट राहत नाहीं. घाबरूं नये, रबर दाबलें जावें अशीच ही योजना आहे. खुंटीवर बसेल असा पाइपाचा बोटभर लांब तुकडा घेऊन त्यास एका बाजूनें खांच कापावी, तो वॉशरवर ठेवून सी-क्लॅम्पनें कंसाच्या पाठीशीं आवळावा, छिद्र खांचेंत दिसूं लागलें कीं पिन घालून तिचे पाय पसरावे. पिन नवीच घ्यावी. जेथें नट आहे तेथें शेवटचा आवळ, गाडी आपल्या भारानें चाकांवर उभी असतांनाच द्यावा. लोंबत्या आंसावर आवळलेला बुश पिळलेल्या स्थितींत धरला जातो व लवकर फाटतो.

जुने शॉकअप मुलांच्या हातीं देऊं नयेत व कापूं नयेत; भंगारवाल्यास सांगून द्यावे. गळलेलें तेल मातींत किंवा विहिरीच्या बाजूस टाकूं नये.

काम संपल्यावर चौकटीपासून शॉकअप, ब्रेकची नळी व टायर यांत सर्वत्र बोट जाईल एवढें अंतर आहे ना हें पाहून मी गाडी रिकामी फिरवून आणली, आणि नंतर भरून नेली. पहिल्या भरल्या फेरीनंतर पिना व वॉशर पुन्हां तपासले. एका ठिकाणीं रबर बसून वॉशर किंचित् सैल झाला होता, तेथें एक पातळ वॉशर वाढविला. पुतणा पुढें हांकीत होता व मी मागेंच होतों. मावशींनीं मला मधली जागा दिली, कारण कडेची त्यांची ठरलेली. त्याच चरींत गाडी एकदां उचलली, खालीं आली आणि राहिली.

शेडवर त्याच पद्धतीनें दोन कॅरेट उघडले. पुढच्यांत पांच मणी निघाले, मागच्यांत एकोणीस. फरक अजून आहे. मागील पाट्यांच्या टोंकांचे बुश झिजलेले त्या रविवारींच दिसले होते. ते आतां पुढील छाटणीपूर्वीं हातीं घ्यावयाचे आहेत.